पवनचक्कीच्या पात्याचे मूळ : उलरिख ह्यूटर यांचे संशोधन

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवरील पवनचक्क्या पाहावयास जाणाऱ्याची नजर प्रथम उंच मनोऱ्यावर आणि लांबलचक पात्यांवर खिळते. जाणकाराचे लक्ष मात्र पाते जेथे मधल्या तुंब्याला जोडलेले असते, त्या सांध्याकडे जाते. चक्कीचे आयुष्य बव्हंशी या सांध्यावर अवलंबून असते. पाते कशाचे करावे आणि हा सांधा कसा टिकवावा, या प्रश्नांची उत्तरे शोधणारे उलरिख ह्यूटर हे मूळचे विमानरचनाकार होते.

ह्यूटर यांचा जन्म १९१० साली पिल्झेन येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. तरुणपणी त्यांनी आपले बंधू वोल्फगांग यांच्यासह एच-१७ हे लहानसे लाकडी ग्लायडर तयार केले. ग्लायडरला इंजिन नसते. पंख जड वा खडबडीत झाला की विमान लवकर खाली येते. हलका, निमुळता, गुळगुळीत आणि तरीही मजबूत पंख कसा घडवावा, हे शिक्षण त्यांना येथे मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते वायमार येथील व्हेंटिमोटर या कंपनीत पवनचक्क्यांची रचना करीत होते. ही कंपनी नाझी राजवटीच्या आश्रयाने चालत होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. १९४२ साली त्यांनी व्हिएन्ना येथे पवनचक्कीच्या रचनेविषयीचा प्रबंध पूर्ण केला.

त्या प्रबंधामागील विचार समजण्यासाठी विहिरीवरची जुनी पवनचक्की डोळ्यांसमोर आणावी. तिला पत्र्याची पुष्कळ पाती असतात. ती सावकाश पण जोराने फिरते. पंप ओढण्यास ते योग्यच आहे. वीज निर्माण करणाऱ्या जनित्राला मात्र वेग हवा असतो. विमानाच्या पंखासारखा आकार पात्याला दिला, तर त्याच्या दोन्ही बाजूंवरील हवेच्या दाबात फरक पडतो आणि पाते त्या फरकाने ओढले जाते. अशा पात्याचे टोक वाऱ्याच्या कित्येक पट वेगाने धावू शकते. इतक्या वेगाने फिरणारी दोन-तीन पातीच सारे वर्तुळ व्यापून टाकतात. अधिक पाती लावणे म्हणजे वजन आणि खर्च वाढविणे होय. तथापि वाऱ्यातील सर्व ऊर्जा कोणालाच काढून घेता येत नाही. तशी ती काढली, तर चक्कीमागची हवा थांबेल आणि पुढच्या हवेला जाण्यास वाटच उरणार नाही. ही मर्यादा ५९.३ टक्के असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ यांनी १९२० साली दाखवून दिले होते.

सिद्धान्त सरळ असला तरी पात्याचे काम कठीण असते. मिनिटाला ४० फेरे धरले, तर वर्षातील ५,००० तासांत १ कोटी २० लाख फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात पात्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण एकदा या बाजूला तर एकदा त्या बाजूला येतो. तार पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते, तशीच धातूची गत होते. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात १९४१ साली उभारलेल्या १,२५० किलोवॅटच्या प्रचंड चक्कीचे पोलादी पाते मार्च १९४५ मध्ये मुळाशीच तुटून दूर फेकले गेले, आणि तो प्रयोग तेथेच संपला.

ह्यूटर यांनी काचेच्या तंतूंचा मार्ग धरला. काचतंतूंचे थर राळेत भिजवून साच्यात बसविले की हलके आणि हवा तो आकार घेणारे कवच तयार होते. परंतु असे पाते पोलादी तुंब्याला जोडावयाचे कसे? भोके पाडून खिळे ठोकले, तर बळ देणारे तंतूच कापले जातात. ह्यूटर यांनी काढलेली युक्ती कोणत्याही शेतकऱ्याला लगेच उमगेल. जनावर बांधताना आपण दाव्याला भोक पाडीत नाही. खुंट्याभोवती दाव्याचा वेढा घालतो. त्यांनी पात्यातून आलेले तंतूंचे पेड पोलादी कड्यावरील नळ्यांभोवती वळवून पुन्हा पात्यात नेले. तंतू अखंड राहिला आणि ओढ थेट पोलादावर आली. हा सांधा ह्यूटर यांच्याच नावाने ओळखला जातो.

अशी दोन पाती असलेली डब्ल्यू-३४ ही चक्की १९५७ साली दक्षिण जर्मनीतील श्टोटेन येथे उभी राहिली आणि १९६८ पर्यंत तिच्यावर प्रयोग चालले. वर्तुळाचा व्यास ३४ मीटर, जनित्र १०० किलोवॅटचे. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी गेसर येथे उभारलेल्या चक्कीचा व्यास २४ मीटर आणि जनित्र २०० किलोवॅटचे होते. म्हणजे ह्यूटर यांनी दुप्पट क्षेत्र व्यापून निम्म्या शक्तीचे जनित्र लावले. हा उधळेपणा नव्हे. वाऱ्याचा वेग निम्म्यावर आला की त्यातील शक्ती एक-अष्टमांश उरते. समुद्रापासून दूरच्या मंद वाऱ्यात पूर्ण क्षमता गाठावयाची, तर पाती लांबच हवीत.

एवढे असूनही ह्यूटर यांची नाजूक, दोन पात्यांची चक्की व्यवहारात मागे पडली. त्याच परंपरेतील १०० मीटर व्यासाची ग्रोव्हियन ही जर्मन चक्की १९८३ ते १९८७ या काळात जेमतेम ४२० तास चालली. यूल यांची जड, तीन पात्यांची साधी रचनाच जगाने स्वीकारली, आणि माझ्या मते ते योग्य झाले.

पाते मात्र ह्यूटर यांचेच टिकले, आणि त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात शिक्षकांना द्यावे लागेल. डेन्मार्कमधील ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी स्वयंसेवकांना जमवून १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची चक्की स्वतःच्या हातांनी बांधली. तिच्या काचतंतूंच्या पात्यांना त्यांनी ह्यूटर यांचाच सांधा वापरला. तेथील अनुभवातून लहान पात्यांचे साचे निघाले, आणि ती पाती डेन्मार्कच्या नव्या पवनचक्की-उद्योगाला मिळू लागली. आता धातूचे खुंट थरांतच रोवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. काचतंतू कायम आहेत.

आपल्याकडे देशातील पहिल्या पवनप्रकल्पांपैकी एक १९८६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड येथे उभा राहिला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या पठारांवर चक्क्या वाढू लागल्या. त्यांचीही पाती काचतंतूंची आहेत. जुन्या चक्क्या उतरविताना मनोऱ्याचे पोलाद भंगारात विकले जाते. पाते कुजत नाही, आणि घट्ट झालेली राळ वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. जर्मनीत अशा पात्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत जाळतात; राळेचे इंधन होते आणि काचेतील वाळूचा अंश सिमेंटमध्ये मुरतो. पठारावरील ग्रामपंचायतींनी जागेच्या आणि करांच्या बोलणीतच, उतरविलेली पाती कोण व कोठे नेणार, हे लेखी ठरवून घ्यावे.