जुनी मोटार, नवे बळ

(अमेरिकेत १९६० ते १९७० या काळात बनलेल्या ताकदवान मोटारी अनेक हौशी लोक आजही दुरुस्त करून नव्याने रस्त्यावर आणतात. हे काम कसे चालते आणि ते करताना कोणता विचार करावा लागतो, हे या पाठात समजावून सांगितले आहे.)

मुलांनो, मोटार जुनी झाली, की ती भंगारात जाते हे तुम्हांला माहीत आहे. पण काही मोटारींचे नशीब वेगळे असते. पन्नास-साठ वर्षे झाली तरी लोक त्यांना विसरत नाहीत. गंजलेली, मोडकी गाडीसुद्धा ते आनंदाने विकत घेतात आणि वर्षानुवर्षे खपून तिला पुन्हा उभी करतात. अमेरिकेतील 'मसल कार' या अशाच मोटारी आहेत. मसल म्हणजे स्नायू. पिळदार शरीराच्या पहिलवानासारखी गाडी ती मसल कार.

या गाड्यांची कल्पना अगदी साधी होती. बेताच्या आकाराची, बेताच्या किमतीची मोटार घ्यायची आणि तिच्यात मोठ्या मोटारीचे इंजिन बसवायचे. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने 'जीटीओ' ही गाडी अशीच तयार केली. तिचे इंजिन ६.४ लिटरचे होते. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने 'मस्टँग' ही मोटार लोकांपुढे आणली. दोन वर्षांच्या आत दहा लाख मस्टँग तयार झाल्या. मस्टँग आकाराने लहान होती, पण तिच्या जोरदार इंजिनांच्या प्रकारांना लोक मसल कारच म्हणू लागले.

हे दिवस फार काळ टिकले नाहीत. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. वेगवान गाड्यांचा विमा महागला. १९७३ साली तेलाची टंचाई आली. खूप पेट्रोल पिणाऱ्या मोटारी कोणाला परवडेनात. जुन्या मसल कार मात्र लोकांच्या मनात घर करून राहिल्या.

अशी मोटार पुन्हा उभी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच करतात. रंग, खिळे, पट्ट्या, सारे काही अस्सल. दुसऱ्या मार्गात बाहेरचे रूप जुने ठेवतात आणि आत नव्या काळाचे, खास बनवून घेतलेले भाग बसवतात. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीला 'रेस्टोमॉड' म्हणतात. हे काम समजून घेण्यासाठी आपण १९६८ सालच्या मस्टँगचे उदाहरण घेऊ.

सर्वप्रथम गाडी पूर्ण सुटी करतात. इंजिन, दारे, काचा, आसने, तारा असे हजारो भाग वेगळे होतात. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून तो नीट ठेवावा लागतो. कंटाळा करून चालत नाही. आज वाचवलेला तासभर वेळ पुढे आठवडाभर शोधाशोध करायला लावतो.

मग उघडी पडलेली बॉडी तपासतात. जुन्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेच्या खाली हवा आत येण्याची एक पोकळी असते. तिच्यात पावसाचे पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही; पण पावसाळ्यात चालकाच्या पायांवर पाणी टपकू लागते. असा पत्रा कापून काढतात आणि त्या जागी नवा पत्रा वेल्डिंग करून बसवतात. गंजावर नुसता रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

या मोटारीला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट नसते. बॉडी हीच तिची चौकट. इंजिनाची ताकद वाढवली, की या बॉडीला पीळ बसू लागतो. म्हणून खालच्या बाजूने पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणारे मजबूत पोलादी दांडे बसवतात. इंजिनाला हात लावण्याआधीच हे काम करावे लागते.

आता इंजिनाकडे वळू. १९६८ च्या मस्टँगसाठी ३०२ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ५ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन मिळत असे. सिलिंडर ही एक गोल नळी असते. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. इंधन पेटले, की पिस्टन खाली ढकलला जातो आणि क्रँकशाफ्ट नावाचा वाकडा दांडा फिरतो. जितकी जास्त हवा आणि जितके जास्त इंधन आत जाईल, तितका जोर अधिक.

मग इंजिनाचा ठोकळा तोच ठेवून आतली जागा कशी वाढवायची? कारागीर दोन गोष्टी करतात. सिलिंडर आतून किंचित खरडून त्याचा व्यास ४ इंचांवरून ४.०३ इंच करतात. तसेच जास्त वाकाचा नवा क्रँकशाफ्ट बसवतात. त्यामुळे पिस्टनची धाव ३ इंचांवरून ३.४ इंच होते. एवढ्याशा फरकाने ३०२ घनइंचांचे इंजिन ३४७ घनइंचांचे होते! बाहेरून पाहिले तर ठोकळा तोच दिसतो.

पण एक भाग बदलला, की शेजारचा भागही बदलावा लागतो. जास्त जोर सोसण्यासाठी पिस्टन बळकट हवेत. साधे पिस्टन वितळलेला धातू साच्यात ओतून करतात. बळकट पिस्टन तापलेला धातू प्रचंड दाबाखाली दाबून घडवतात. हवा मोकळेपणाने आत-बाहेर जावी म्हणून सिलिंडरांवरची झाकणे नव्या रचनेची बसवतात. ही झाकणे अ‍ॅल्युमिनियमची असल्याने वजनही घटते. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. म्हणून रेडिएटरही मोठा लागतो.

येथे एक गंमत पाहा. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. त्याचा पातळ थर झडपांच्या बैठकींवर बसून त्यांची झीज थांबवी. पण शिशाचा धूर माणसांना, विशेषतः मुलांना, घातक असतो. म्हणून अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर बंदी आली. भारतातही २००० साली ते बंद झाले. त्यामुळे जुन्या इंजिनात झडपांच्या बैठकी कठीण धातूच्या बसवाव्या लागतात. इंधन बदलले, तर त्याचा परिणाम इंजिनात इतक्या खोलवर होतो.

जुन्या गाडीत कार्बुरेटर हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करतो. त्याच्या जागी आता फ्युएल इंजेक्शन बसवता येते. त्यात एक छोटा संगणक धुरातील ऑक्सिजन मोजतो आणि त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. चार गिअरांच्या जागी पाच गिअरांचा गिअरबॉक्स घातला, तर मोठ्या रस्त्यावर गाडी त्याच वेगाने जाते, पण इंजिन सावकाश फिरते. पेट्रोल वाचते आणि आवाजही कमी होतो. अशा सुधारणांनंतर या इंजिनातून सुमारे ४०० अश्वशक्ती मिळवता येते.

मुलांनो, आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एवढ्या जोराने धावणारी गाडी थांबणार कशी? वेग दुप्पट झाला, की गाडीतील गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला जितके काम पडते, त्याच्या चौपट काम ताशी १०० किलोमीटर वेगाला पडते. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते.

त्या काळच्या बहुतेक मस्टँगना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रम म्हणजे बंद डबा. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला, की डबा तापतो, फुगतो आणि ब्रेकची पकड सैल होते. डिस्क ब्रेकची तबकडी उघड्या हवेत असते. ती लवकर थंड होते. म्हणून शहाणा कारागीर आधी डिस्क ब्रेक, चांगले टायर, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि अचूक स्टिअरिंग यांचा विचार करतो, इंजिनाचा नंतर. नुसते इंजिन वाढवलेली मोटार पाहणाऱ्याला ताकदवान वाटते, पण ती चालकाच्या आणि वाटसरूच्या जिवावर उठते.

दुसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. १९६७-६८ च्या मस्टँगची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा आज बनवून मिळते. मग बॉडी नवी, इंजिन नवे, तर गाडी जुनी कशी? विकताना काय जुने आणि काय नवे, हे स्पष्ट सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गाडीचा कारखान्याने दिलेला क्रमांक खोडणे किंवा बदलणे हा तर गुन्हाच आहे. अस्सलपणाची किंमत किती मोठी असते पाहा! 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात धावलेली एक मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात निघाली. तिच्यावर डाग होते, गंज होता; ती नवी केलेली नव्हती. तरी तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. म्हणून दुर्मीळ गाडीत काही कापण्याआधी दहादा विचार करतात आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवतात.

आपल्या देशात कायदा वेगळा आहे. कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करण्यास, काही मोजके अपवाद सोडता, मोटार वाहन कायद्याने मनाई आहे. तेव्हा मोटारसायकलचा सायलेन्सर काढून कर्कश आवाज करत फिरणाऱ्यांची नक्कल तुम्ही करू नका. ती कारागिरी नव्हे.

खरी कारागिरी तोल सांभाळण्यात आहे. इंजिनाला जितका जोर, तितकी बॉडीला मजबुती आणि ब्रेकला पकड हवी. ज्याला वेळेवर थांबता येते, त्यानेच वेगाने धावावे.

शब्दार्थ
हौशी – आवड असलेला
टंचाई – कमतरता
पोकळी – आतली रिकामी जागा
पीळ बसणे – वळणे, मुरगळणे
झडप – उघडझाप करणारे छोटे दार
गतिज ऊर्जा – गतीमुळे वस्तूत असलेली ऊर्जा
वाटसरू – रस्त्याने जाणारा माणूस
मनात घर करणे – कायम आठवणीत राहणे
जिवावर उठणे – जीव घेण्यास कारण होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मस्टँग मोटार लोकांपुढे कधी व कोठे आली?
(आ) जुन्या मस्टँगमध्ये पाणी कोठे साचते?
(इ) भारतात शिसेयुक्त पेट्रोल कोणत्या साली बंद झाले?

२. कारणे लिहा.
(अ) इंजिनाची ताकद वाढवण्याआधी बॉडी मजबूत करतात.
(आ) ड्रम ब्रेकपेक्षा डिस्क ब्रेक चांगला.

३. 'मनात घर करणे' आणि 'जिवावर उठणे' यांचा वाक्यात उपयोग करा.

४. ताकद, अस्सल, नशीब हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.