मेग्ज फील्ड: रातोरात उखडलेला विमानतळ

जुन्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर पहिलं टेक-ऑफ कुठून केलं होतंत, आठवतंय? तेच शिकागोचं मेग्ज फील्ड!

मिशिगन सरोवराच्या काठाशी, नॉर्दर्ली आयलंडवर १९४८ मध्ये हा विमानतळ सुरू झाला. धावपट्टी एकच, जेमतेम ३,९०० फुटांची. पण उतरलं की शहराचा मध्यभाग हाकेच्या अंतरावर.

महापौर रिचर्ड एम. डेली यांना तिथे उद्यान हवं होतं. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री बुलडोझर आले आणि धावपट्टीवर फुल्यांच्या आकाराचे मोठाले चर खणून गेले. १६ विमानं अडकली. ती नंतर टॅक्सीवेवरून उडवावी लागली. पूर्वसूचना न दिल्याबद्दल शहराला ३३,००० डॉलर दंड झाला.

आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे. उद्यान छानच, पण पद्धत साफ चुकीची!