थांब म्हटलं की थांबणारा कण

एक्स-रे काढतात तेव्हा किरण एका बाजूने अंगात शिरतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. बाहेर पडतात म्हणून तर फोटो निघतो! आत अडकून बसले असते, तर पलीकडे उमटलं काय असतं?

पण हेच किरण जास्त ताकदीने कॅन्सरच्या गाठीवर सोडले, की त्यांचा हा आरपार जाण्याचा गुण नडतो. समजा, गाठ फुप्फुसात आहे. शेजारीच हृदय, अन्ननलिका आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. गाठीतल्या पेशींचा डीएनए तुटायला हवा, पण पलीकडच्या मंडळींना उगाच प्रसाद कशाला? म्हणून डॉक्टर वेगवेगळ्या दिशांनी किरण सोडतात. मारा विभागला जातो, तरी थोडा प्रसाद मिळतोच.

इथे प्रोटॉन कामाला येतो. हायड्रोजनच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की उरतो तो प्रोटॉन. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात त्याला गोल गोल फिरवून वेग देतात. किती? प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ 60 टक्के! म्हणजे सेकंदात सुमारे पावणेदोन लाख किलोमीटर. एवढ्या वेगाचा कण पाण्यात सोडला तर किती लांब जाईल? जेमतेम एक फूट! त्यापुढे ठप्प. आणि गंमत अशी, की आपली बरीचशी ऊर्जा तो अगदी थांबता थांबता देऊन टाकतो.

असं का होतं? बोरांच्या बागेतून धूम पळत सुटलात, तर एखादंच बोर हाताला लागेल. रमतगमत चाललात, तर खिसे भरतील. प्रोटॉन वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन असेच ओढत जातो आणि दर हिसक्याला त्याची थोडी ऊर्जा खर्च होते. वेगात असताना हिसके हलके बसतात. वेग कमी झाला की जोरात बसतात, मग वेग आणखी घटतो, आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये सगळा खजिना रिता!

शेवटी शेवटी ऊर्जा उधळण्याची ही सवय विल्यम हेन्री ब्रॅग यांनी 1904च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये ओळखली. तेव्हा त्यांच्यासमोर होते रेडियममधून निघणारे अल्फा कण. प्रोटॉनने गाठीवर उपचार करावेत, हे सुचवलं अमेरिकेच्या रॉबर्ट विल्सन यांनी, 1946 साली. त्याआधी ते अणुबाँब बनवणाऱ्या प्रकल्पात काम करत होते, बरं का! पुढे 1954मध्ये अमेरिकेतल्याच बर्कलीला प्रोटॉन पहिल्यांदा रुग्णांसाठी वापरले गेले.

किती खोलवर थांबायचं, हे वेगावर ठरतं. वेग कमी केला, की कण अलीकडे थांबतो. म्हणून गाठीचा सर्वांत खोल थर आधी घेतात, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्याही अलीकडचा. प्रत्येक थरात चुंबकांच्या मदतीने प्रोटॉनचा बारीक झोत डावीउजवीकडे, वरखाली फिरवतात. जाताना वाटेत थोडी ऊर्जा सांडतेच, पण गाठीच्या पलीकडे जवळजवळ काही पोचत नाही.

आता एक प्रयोग करा. पाठीवर झोपा, पोटावर वही ठेवा आणि श्वास घ्या. हलली ना वही? फुप्फुसातली गाठही अशीच हलते. खालच्या भागातली तर कधी कधी एक सेंटिमीटरहून जास्त! त्यात फुप्फुसात हवा भरलेली. हवेत हिसके मारायला अणू कमी, त्यामुळे प्रोटॉन दूरवर जातो. गाठ जागेवरून सरकली, की कण भलतीकडेच थांबायची भीती. जो गुण कामाचा, तोच इथे परीक्षा पाहतो.

म्हणून आधी श्वासाच्या तालावर सीटी स्कॅन काढून गाठ कुठून कुठे जाते ते टिपतात. काही रुग्णांना श्वास रोखून धरायला सांगतात आणि तेवढ्यातच झोत सोडतात. काही ठिकाणी श्वासाच्या ठरावीक टप्प्यावरच झोत चालू होतो, एरवी बंद.

आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत 2023पासून प्रोटॉनचे उपचार होतात. झोत हव्या त्या कोनातून देण्यासाठी रुग्णाभोवती फिरणारी अशी यंत्रं शंभर टनांच्या आसपास भरतात, पण नेम मात्र मिलिमीटरचा! ही यंत्रं महाग असतात आणि प्रत्येक गाठीला प्रोटॉनच लागतो असंही नाही. बऱ्याच रुग्णांना एक्स-रे किरणांनीही चांगला गुण येतो. कोणाला काय द्यायचं, हे ठरवायला डॉक्टरांच्या जोडीला भौतिकशास्त्रज्ञही बसतात.

तेव्हा परीक्षेत ‘प्रोटॉनचे गुणधर्म लिहा’ असं आलं, तर धनभार आणि वस्तुमान लिहाच. त्याखाली ‘वेळेवर थांबतो’ हेही लिहून बघा. मार्क मिळतील, याची हमी मात्र आम्ही देत नाही!