होडीत उभे का राहू नये?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझी पत्नी आणि दोन मुले असे आम्ही चौघेही एका शाळेत जाऊन बसलो. ही शाळा म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या खाडीचा काठ. शिकवणारे एक म्हातारे तांडेल, त्यांचा मुलगा आणि सून. घरेच्या घरे शिकायला येतात, कारण तांडेलांचे म्हणणे असे की, एकट्या बापाला होडी कळून उपयोग नाही. बाप पाण्यात पडला तर होडी कोण सांभाळणार?

आमच्या घरातून कोणी होडीत पाऊल टाकण्याची ही पस्तीस वर्षांतली पहिलीच वेळ. मी आठवीत असताना आम्ही तिघे चुलतभाऊ याच खाडीत होडी घेऊन गेलो होतो. पुलावरून जाणारी वरात बघायला तिघेही एकदम उभे राहिलो, एकाच काठाकडे झुकलो, आणि होडी उलटली. दोघांनी पालथ्या होडीला मिठी मारली. तिसरा पोहण्यात आमच्यापेक्षा तरबेज होता. तो काठाकडे निघाला. ओहोटी होती. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

पुढे मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झालो. तरंगणाऱ्या वस्तूंचे संतुलन हा धडा फळ्यावर वीस वेळा तरी शिकवला असेल. तरीही पहिल्या दिवशी होडीत पाय ठेवताच मी सवयीने उभा राहून समजावू लागलो. तांडेल म्हणाले, “मास्तरानू, आधी खाली बसा, मगे गणित.”

तेव्हा आता बसून गणित करू. होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला ठाऊकच आहे. होडीचे व माणसांचे वजन जणू एका बिंदूतून खाली ओढते, तो गुरुत्वमध्य. पाणी जणू दुसऱ्या एका बिंदूतून वर ढकलते. तो उत्प्लावनमध्य, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचा मध्य. होडी सरळ असताना हे दोन बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. होडी उजवीकडे कलली की तिचा उजवा भाग जास्त बुडतो, त्यामुळे उत्प्लावनमध्यही उजवीकडे सरकतो. तेथून काढलेली उभी रेषा होडीच्या मूळ मध्यरेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली जहाजांवरच्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर होडी कलली तरी सावरते. तो वर गेला, की तीच दोन बले होडीला आणखी कलवतात.

समजा, पेटीच्या आकाराची एक होडी आहे. लांबी ४ मीटर, रुंदी १ मीटर, खोली ४५ सेंटिमीटर. होडीचे वजन ३०० किलोग्रॅम आणि प्रत्येकी ६३ किलोग्रॅमची पाच माणसे, मिळून ६१५ किलोग्रॅम. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला १०२५ किलोग्रॅम धरली, तर होडी बरोबर १५ सेंटिमीटर बुडेल. उत्प्लावनमध्य तळापासून साडेसात सेंटिमीटरवर. त्याच्यावर मेटासेंटर किती उंच, ते रुंदीच्या वर्गाला बुडीत खोलीच्या बारा पटीने भागून मिळते. येथे सुमारे ५५.५ सेंटिमीटर. म्हणजे मेटासेंटर तळापासून ६३ सेंटिमीटरवर आले.

आता गुरुत्वमध्य. रिकाम्या होडीचा तळापासून २५ सेंटिमीटरवर, आणि फळीवर बसलेल्या माणसाचा सुमारे ५५ सेंटिमीटरवर धरू. सगळे बसले असता एकूण गुरुत्वमध्य येतो ४० सेंटिमीटरवर. मेटासेंटरच्या खाली २३ सेंटिमीटर. होडी सुखात आहे. पाचही जण उभे राहिले तर प्रत्येकाचा गुरुत्वमध्य जातो सुमारे ९५ सेंटिमीटरवर, आणि एकूण ६१ वर. फरक उरला जेमतेम दोन सेंटिमीटर! कोणी फळीवर चढले की तोही संपला.

पण पाचही जण उभे राहण्याची वाट पाहावी लागत नाही. दोघेच उभे राहून मध्यापासून ४० सेंटिमीटर एका बाजूला सरकले, तरी हिशेबाप्रमाणे होडी जवळजवळ ३० अंश कलते आणि तो काठ २८ सेंटिमीटर खाली जातो. पाण्याच्या वर काठ होता तीस सेंटिमीटर. एखादी छोटी लाट आली की पाणी आत! आम्ही तर तिघे होतो.

मोठ्या बोटींचीही हीच कथा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ लाटेच्या तडाख्याने कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुली बुडाल्या. फोटो काढण्यासाठी एका बाजूला गर्दी झाली होती, असे वृत्तपत्रांत आले.

होडीत साचलेले पाणी हा छुपा शत्रू. होडी कलते त्याच बाजूला ते धावते आणि कल वाढवते. पाण्याचा हा थर होडीइतकाच रुंद असेल, तर रुंदीमुळे होडीला मिळालेला सावरण्याचा गुण लहान कलापुरता जवळजवळ पुसून जातो. म्हणून तांडेलांच्या सूनबाई वल्ह्याच्या आधी पाणी उपसायचा डबा हातात देतात. माझ्या धाकटीला हे काम फार आवडले.

आमच्या बाजूच्या होड्यांना एका अंगाला आडव्या वाशांवर एक ओंडका बांधलेला असतो. ती उलांडी. ओंडका लहानच, पण होडीच्या मध्यापासून लांब. सावरण्याच्या गुणात अंतराचा वर्ग येतो, म्हणून अंतर दुप्पट केले की तेवढाच ओंडका चौपट काम करतो. बूगेरचा ग्रंथ न वाचता आमच्या लोकांनी ही युक्ती साधली, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

तिसऱ्या दिवशी सर्वांनी मुद्दाम होडी उलटवली. कमरेइतक्या पाण्यात, जाकिटे घालून. श्वास भरून घेतलेले शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके असते आणि सोडल्यावर किंचित जड. बुडणे व तरंगणे यांत फरक इतका थोडा, म्हणून १० किलोग्रॅम उचलणारे जाकीटही मोठ्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवते. मात्र ते अंगाला घट्ट हवे. सैल जाकीट पाण्यात स्वतः तरंगते, माणूस त्यातून खाली निसटतो. खांद्यांकडून धरून वर ओढावे. कानांपर्यंत आले तर ते त्या माणसाचे नव्हे. पायांमधून जाणारा पट्टा असतो तो यासाठीच. मी तो पट्टा मागे लोंबत सोडला होता. मुलाने दाखवून दिला.

उलटलेली होडी सोडायची नाही, हा त्या दिवसाचा धडा. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी सहसा बुडत नाही, कारण लाकूडच पाण्यापेक्षा हलके. फायबरचे तसे नाही. त्या होडीत फोम किंवा हवेचे बंद कप्पे असावे लागतात. पालथी होडी लांबून दिसते, एकटे डोके दिसत नाही. आणि ओहोटीशी झुंजणारा पोहणारा किती लवकर थकतो, हे काठावरून कळत नाही.

ओहोटीचाही हिशेब असतो. सहा तासांत पाणी सारखे उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि एक. उतार दोन मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांतच एक मीटर पाणी जाते. खाडीच्या मुखाशी ओढ सर्वांत जोराची तेव्हाच. भरती कधी येणार? तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. वर्ग नेहमी भरती चढत असताना भरे, म्हणजे वल्हे सुटले तरी पाणी होडीला आत, घराकडेच आणते.

मी घरी येऊन त्या जुन्या दिवसाची तिथी पंचांगात काढली. दशमी होती. पाऊणपट साडेसात. आम्ही उलटलो तेव्हा साडेदहा वाजले होते.

शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग. साबणाची रिकामी डबी पाण्याच्या घमेल्यात सोडा आणि तळाशी पाच नाणी पसरून ठेवा. बोटाने काठ दाबून सोडा. डबी किती वेळा डोलते आणि कशी सावरते ते पाहा. मग तीच नाणी एकावर एक चिकटवून मधोमध उभी करा. पुढे नाण्यांखाली खोडरबराचा तुकडा ठेवून ती आणखी उंच करा. डोलणे अधिकाधिक सावकाश होत जाईल. एका उंचीला डबी कलती ती कलतीच राहील. ती उंची पट्टीने मोजून वर दिलेल्या रीतीने काढलेल्या मेटासेंटरशी ताडून पाहा. शेवटी डबीत चमचाभर पाणी घालून सारे पुन्हा करा.