दोन मिनिटे वीस सेकंदांची कारकीर्द

फुलसावंगी गावाच्या शिवारात पाच-पाच एकर पऱ्हाटी असलेले पंचवीस-तीस शेतकरी एकत्र आले, तर त्यांची जमीन सव्वाशे ते दीडशे एकर भरेल. गोल्फच्या अठरा होलच्या एका मैदानाला साधारण तेवढीच जागा लागते. एवढ्या पसाऱ्यात खेळाडूला गाठायचे असते १०.८ सेंटिमीटर व्यासाचे एक भोक. चेंडू ४.२७ सेंटिमीटरचा, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. हौशी खेळाडूचा चेंडू एकाच फटक्यात भोकात जाण्याची शक्यता साधारण साडेबारा हजारांत एक धरली जाते.

पण या खेळातला सगळ्यात थक्क करणारा आकडा वेगळाच आहे. गोल्फची काठी, म्हणजे क्लब, चेंडूला लागतो तेव्हा दोघांचा स्पर्श टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा दोन हजारावा भाग. व्यावसायिकाच्या जोरदार फटक्यात तेवढ्यात चेंडू ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन सुटतो. चांगला व्यावसायिक एका फेरीत सुमारे ७० फटके मारतो. या सगळ्या स्पर्शांची बेरीज ०.०३५ सेकंद. फेरीला मात्र चार-साडेचार तास लागतात. स्पर्शाचा एक पूर्ण सेकंद भरायला जवळपास २९ फेऱ्या खेळाव्या लागतील.

हाच हिशेब एका आयुष्याला लावून पाहू. बर्नहार्ड लांगर यांचा जन्म २७ ऑगस्ट १९५७ चा, जर्मनीतल्या आउग्सबुर्गजवळच्या आनहाउझेन या खेड्यातला. वडील गवंडी. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियाकडे निघालेल्या कैद्यांच्या गाडीतून उडी मारून ते वाचले होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहू लागला आणि पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाला. १९८६ साली जागतिक क्रमवारी पहिल्यांदा जाहीर झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर लांगर होते. युरोपीय टूरवर ४२ विजय, मास्टर्स स्पर्धा १९८५ आणि १९९३ अशी दोनदा. पन्नाशीनंतर ज्येष्ठांच्या अमेरिकी टूरवर २००७ ते २०२४ या सलग १८ वर्षांत दर वर्षी किमान एक विजय, एकूण ४७. त्यातला सत्तेचाळिसावा नोव्हेंबर २०२४ मधला. तेव्हा वय ६७ होते, त्याच वर्षी फेब्रुवारीत टाचेचा स्नायुबंध तुटला होता, आणि शेवटच्या होलवर सुमारे नऊ मीटरवरून चेंडू भोकात घालून त्यांनी एका फटक्याने स्पर्धा जिंकली.

आता हिशेबापुरता एक गोल आकडा घेऊ. अशा कारकिर्दीत १,००० स्पर्धा आणि प्रत्येकीत २८० फटके धरले, तर २,८०,००० फटके होतात. प्रत्येकी अर्धा मिलिसेकंद धरून स्पर्शाचा एकूण वेळ १४० सेकंद. पन्नास वर्षांच्या कीर्तीमागे क्लब आणि चेंडूची खरी भेट दोन मिनिटे वीस सेकंदांची! चालणे मात्र वेगळ्याच मापाचे. एका फेरीला किमान आठ किलोमीटर आणि दर स्पर्धेला सरावासकट सहा फेऱ्या धरल्या, तर ४८,००० किलोमीटर होतात. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे.

उरलेल्या या प्रचंड वेळात माणूस स्वतःच्या मनाबरोबर एकटा असतो. म्हणून गोल्फर श्रद्धेवर बोलतो, लिहितो, याचे मला नवल वाटत नाही. लांगर कॅथलिक घरात वाढले, लहानपणी चर्चमध्ये वेदीसेवा करत. १४ एप्रिल १९८५ ला त्यांनी मास्टर्स जिंकली. नाव, पैसा, सगळे मिळाले होते, तरी आत काहीतरी रिते होते. पुढच्याच आठवड्यात सहकारी खेळाडू बॉबी क्लॅम्पेट यांनी त्यांना खेळाडूंच्या बायबल अभ्यासाला नेले. तिथे योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायावर बोलणे झाले. आपल्या आयुष्याला तिथे वळण मिळाले, असे लांगर आजवर सांगत आले आहेत. दुसरी मास्टर्स त्यांनी ११ एप्रिल १९९३ ला, नेमकी ईस्टरच्या रविवारी जिंकली.

या श्रद्धेची कसोटी १९९१ मध्ये लागली होती. युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या रायडर कपचा शेवटचा सामना, शेवटचे होल, अंतर सुमारे १.८ मीटर. चेंडू भोकाच्या कडेने निघून गेला आणि युरोप १३½ विरुद्ध १४½ असा हरला. पुढच्याच आठवड्यात लांगर यांनी जर्मन मास्टर्स जिंकली. निर्दोष माणूस इतिहासात एकच झाला आणि त्यालाही लोकांनी मारले, आपला तर फक्त एक फटका चुकला, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर क्रीडाविश्वात प्रसिद्ध आहे.

श्रद्धेवर लिहिण्याच्या बाजूला हेच गणित आपल्या मराठीत आणखी मोठे दिसते. मूळचे इंग्लंडचे असलेल्या आणि १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांहून जास्त. स्टीफन्स यांचे गोव्यातले वास्तव्य चाळीस वर्षांचे, म्हणजे १४,६०० दिवसांचे. दिवसाला सरासरी एक ओवीसुद्धा लागली नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. त्यात ३१,००० च्या वर वचने. पंधराहून अधिक वर्षांच्या त्या कामाची रोजची सरासरी पाच-सहा वचने निघते. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये त्यांचे बायबल केडगावच्या मुक्ती मिशनने छापून प्रसिद्ध केले.

मोठ्या आकड्यांपुढे आपण दबून जातो. पण ते फोडून पाहिले की आत सापडतो तो रोजचा छोटा वाटा, न चुकता पाळलेला. फुलसावंगीच्या शाळेतल्या मुलांना हे आकडे फळ्यावर मांडून दाखवा, भागाकार त्यांनाच करू द्या. गोल्फचे मैदान त्यांच्या वाट्याला येईल न येईल, रोजची एक ओवी किंवा पाच वचने लिहिण्याइतका वेळ मात्र प्रत्येकाकडे आहे.