छपाई अडली? आधी रांग पाहा

वाणगावहून मिरची बाहेर पाठवायची तर मालासोबत बिल लागते. कारागिराला मजुरीची पावती द्यावी लागते. लिनक्स ही संगणक प्रणाली मोफत मिळते, म्हणून लहान दुकानदाराला ती परवडते. पण गाडी भरून उभी असताना छपाई अडली तर सारेच खोळंबते.

अशा वेळी ‘प्रिंट’चे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये, असे आम्ही व्यापारी बांधवांना सुचवतो. लिनक्सवर छपाईचे काम ‘कप्स’ ही व्यवस्था पाहते. ती १९९९ साली आली. दिलेला प्रत्येक आदेश ती रांगेत लावते. केबल निघाली तर ती प्रिंटर थांबल्याची नोंद करू शकते, आणि केबल बसवल्यावरही ही नोंद कधी कधी कायम राहते. पुढे प्रिंटर सुरू होताच साठलेली सर्व बिले एकदम निघतात. एकाच बिलाच्या चार प्रती फिरल्या तर हिशेबात घोळ होतो.

म्हणून प्रथम वीज, केबल व कागद तपासावा. मग ब्राउझरमध्ये इंग्रजीत ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम आणि ६३१ असे लिहावे. ‘प्रिंटर्स’मध्ये आपला प्रिंटर निवडावा. ‘मेंटेनन्स’च्या यादीतून आधी ‘कॅन्सल ऑल जॉब्ज’ आणि नंतर ‘रिझ्यूम प्रिंटर’ करावे. संगणकाचा पासवर्ड विचारला तर द्यावा. त्यानंतर बिल एकदाच छापावे.

मजकूर कडेला कापला जात असेल तर कागदाचा आकार ‘लेटर’ऐवजी ‘ए-फोर’ करावा. नवा प्रिंटर घेताना तो लिनक्सवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.