केडगावच्या छापखान्यातली मुद्रिते

छपाईचे खिळे जुळवणारीला अक्षर उलटे वाचता यावे लागे. समोर शेकडो खण. अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, प्रत्येकाचा खण वेगळा. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचे पान बांधायचे, शाई फिरवून कच्चे मुद्रित काढायचे. चूक सापडली की चिमट्याने तो खिळा काढून दुसरा बसवायचा. छपाई संपली की सगळे खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे आणि पुढच्या पानाला लागायचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम मुली आणि बायका करत होत्या. त्यांच्यातल्या अनेकींना तिथे येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या हातांखालून जात होते मराठी बायबल, आणि त्याचे भाषांतर करत होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा मूळ बेत वेगळा होता. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. केडगावची जमीन घेतली ती संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी उपासमारीतच गमावली होती, त्यामुळे मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून त्या घरी बसल्या नाहीत. तिकडे जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. केडगावच्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तेच मुक्ती मिशन झाले. शतक पालटेपर्यंत तिथे दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या.

या मुलींना अन्न मिळाले, विणकाम, शेती, छपाई शिकायला मिळाली. पण ज्या ख्रिस्ती श्रद्धेने रमाबाईंना उभे केले होते, तिचा ग्रंथ त्यांच्या हाती दिला तरी कळत नव्हता. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी त्यातले अर्धे शब्द ऐकूनही ओळखत नसे.

इथे रमाबाईंनी जे केले ते सर्वांत अवघड होते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या संस्कृत व्यासंगासाठी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेच संस्कृत त्यांनी लेखणीपासून दूर ठेवायचे ठरवले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ वचन समोर ठेवायचे, अर्थ नीट पकडायचा आणि मग तो घरात, शेतात बोलल्या जाणाऱ्या मराठीत आणायचा. विद्वत्ता मिरवणारा शब्द सुचणे त्यांना सोपे होते. साधा शब्द शोधायलाच वेळ लागत होता.

दीड दशकाहून अधिक काळ हे चालले, तेही एवढ्या मोठ्या संस्थेचा संसार सांभाळून, ऐकू येणे मंदावलेले असताना. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. संस्थेचा भार पुढे तिनेच उचलायचा होता. त्या घावानंतरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. शेवटची मुद्रिते हाती असताना रमाबाईंनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम पूर्ण झाले होते.

१९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये त्याचा प्रसार फारसा झाला नाही. तिथे बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालू राहिली. तरी संपूर्ण बायबल मूळ भाषांमधून एका स्त्रीने उतरवावे आणि ते स्त्रियांनीच जुळवून छापावे, असे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. मराठी गद्याच्या इतिहासात या ग्रंथाला आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.